ड्रमच्या पाठीवरचा आकडा

केडगावच्या हायस्कुलात मी गणित आणि इंग्रजी शिकवत होते, आणि स्टेशनपासून थोड्या अंतरावर, एका गॅरेजच्या मागच्या दोन खोल्यांत राहत होते. नव्वदचं दशक सरत आलं होतं. खोल्या गॅरेजवाल्या मिस्त्रींच्याच. ते मूळचे केंदूरचे. पुण्यात एका मोठ्या गॅरेजात दहा-बारा वर्षं काढून, बायकोचं माहेर जवळ म्हणून त्यांनी केडगावला येऊन पत्र्याचं शेड टाकलं होतं. वयानं माझ्यापेक्षा बरेच मोठे, पण मी शाळेतली बाई, म्हणून मला कायम अहो-जाहो.

त्यांच्या हाताला गुण होता. जीप रस्त्यावरून नुसती पुढे गेली तरी तिच्यात काय बिघडलंय ते सांगायचे. पण त्या वर्षांत आमच्याकडे छोट्या गाड्या आणि व्हॅन वाढायला लागल्या होत्या, आणि तिथं त्यांचा कान पुरेना. “आधीच्या गाड्या ठोकून-ठाकून ऐकायच्या, बाई. ह्या नव्यांना आकडे लागत्यात,” ते म्हणायचे. म्हणून त्यांनी पुण्याच्या फूटपाथवरून एक जाडजूड सर्व्हिस मॅन्युअल आणलं होतं. मुखपृष्ठ आणि पहिली काही पानं गेलेली. ते कंपनीनंच छापलेलं होतं की कुणी परस्पर छापून विकलं होतं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. सगळं इंग्रजीत. मिस्त्री त्यातल्या आकृत्या बघायचे आणि पुन्हा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवायचे.

एका दिवाळीच्या सुट्टीत ते पिशवी घेऊन माझ्या दारात आले.

“बाई, ह्यातलं ब्रेकचं तेवढं मराठीत लिवून द्याल का? बाकीचं माझं चालतंय. ब्रेकला चूक चालत न्हाई.”

मला गाडीतलं काही कळत नव्हतं. मग त्यांनी मला शेडमध्ये स्टुलावर बसवून एकेक भाग हातात दिला. मागच्या चाकाचा ड्रम मी पहिल्यांदा पाहिला तो तेव्हा. जड, बिडाचा, पसरट पातेल्यासारखा. ब्रेक दाबला की आतून दोन अर्धगोल पट्ट्या, म्हणजे शू, बाहेर फाकतात आणि ड्रमला घासून चाक थांबवतात. घासून घासून ड्रमच्या आत चर पडतात. मग तो लेथवर लावून आतून पातळ थर काढायचा, की पुन्हा गुळगुळीत. पण दर वेळी ड्रम आतून थोडा मोठा होतो आणि त्याची भिंत थोडी पातळ. एका मापाच्या पुढे गेला की तो भंगारात टाकायचा. ते शेवटचं माप म्हणजे लिमिट.

मी शंभर पानी वही घेतली आणि पंधरा दिवस लिहीत बसले. “कमाल अंतर्गत व्यास” असं मी एके ठिकाणी लिहिलं, तेव्हा मिस्त्रींनी मला ते मोठ्यानं वाचायला लावलं आणि म्हणाले, “बाई, हे वाचस्तोवर गाडी म्हातारी व्हईल. लिमिट लिवा.” मी लिमिट लिहिलं. पुस्तकात प्रत्येक माप दोनदा दिलेलं होतं, आधी मिलिमीटरमध्ये आणि शेजारी इंचात. मिस्त्रींचं माप घ्यायचं व्हर्निअर मिलिमीटरचं, तेव्हा इंच कुणाला हवेत, असं म्हणून मी इंचांचा रकाना गाळला. पान सुटसुटीत दिसायला लागलं. मला फार आवडलं ते.

ती वही शेडमध्ये खिळ्याला टांगली गेली. गिऱ्हाईक काही बोललं की मिस्त्री म्हणायचे, “थांबा, बाईंच्या वहीत बघू.” चौफुल्याचा एक गॅरेजवाला ती उतरवून घ्यायला आला होता. मी तसं कुणाला बोलून दाखवलं नाही, पण मला अभिमान वाटायचा. माझं इंग्रजी तोवर मुलांच्या परीक्षेपलीकडे कुणाच्या कामी आलेलं नव्हतं.

दोन वर्षं गेली.

सातवीला मी इंचांचं मिलिमीटर करायला शिकवत होते. पुस्तकातली गणितं संपली, तेव्हा मला वाटलं, खऱ्या गाडीचे आकडे द्यावेत, मुलांना गंमत वाटेल. मिस्त्रींकडून मॅन्युअल मागून घेतलं, ब्रेकच्या तक्त्यातले चार इंचांचे आकडे फळ्यावर लिहिले, आणि उत्तरं माझ्याजवळ आयतीच होती, शेजारच्या रकान्यात. शुक्रवारी मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत वह्या तपासायला बसले. पहिलं गणित, ड्रमचं नवं असतानाचं माप, ७.०९ इंच. उत्तर १८०. मुलांचं १८०.०८६ येत होतं. इंचांचे आकडे जवळपासचे दिलेले असतात, तेव्हा बरोबर. दुसरं गणित ड्रमचं लिमिट, ७.१७ इंच. माझ्यापाशी उत्तर १८४. पहिल्या वहीत १८२.११८. मी लाल फुली मारली. दुसऱ्या वहीत तेच. फुली. आठ-नऊ वह्या मी तशा पालथ्या घातल्या आणि मनात म्हटलं, सगळी एकमेकांचं बघून लिहितात. मग एका मुलीची वही आली. तिनं गुणाकाराची प्रत्येक ओळ समासात मांडली होती, आणि त्यात कुठंही चूक सापडेना. मी स्वतः पेन्सिलीनं गुणाकार केला. १८२.११८.

पुन्हा केला. मग उलटा, १८४ ला पंचवीस पूर्णांक चारनं भागून पाहिलं. ७.२४ आलं.

म्हणजे एकाच ओळीतले दोन आकडे एकमेकांशी जुळत नव्हते. त्यातला एक चुकीचा होता. आणि वहीत मी मिलिमीटरचा तेवढा उतरवला होता.

पुढचे दोन तास मी कसे घेतले ते मला आठवत नाही. एवढं आठवतं, की मी मनाशी म्हणत होते, इंचांचाच चुकला असेल, इंचांचाच असेल. शाळा सुटल्यावर तशीच, खांद्यावरची पिशवीही न ठेवता, शेडमध्ये गेले.

मिस्त्री एका जीपखाली होते. मी पुस्तक आणि पेन्सिलीचं गणित दाखवलं. ते हात पुसत उभे राहिले, दोन्ही आकड्यांवरून बोट फिरवलं, आणि भंगाराच्या ढिगाकडे गेले. तिथून त्याच गाडीचा एक जुना ड्रम ओढून काढला, पालथा घातला, आणि तारेच्या ब्रशनं त्याच्या पाठीवरचा गंज घासायला लागले. मी शेजारी उभी. आधी तीन इंग्रजी अक्षरं उमटली, मॅक्स. मग आकडा. बिडातच ओतलेला, उठावाचा.

“वाचा, बाई,” ते म्हणाले.

“एकशे ब्याऐंशी.”

ते ड्रमशेजारी उकिडवे बसले. मग मी विचारलं, दोन मिलिमीटरनं काय होतं.

“दोन मिलिमीटर लई झालं. भिंत पातळ पडती. घाटात ब्रेक तापला की तडकंल. आन् शूला फाकायला जागा जास्ती व्हती, तर आतला पिस्टन लई भायेर यायला बघतोय. त्यो निसटला की ऑईल गेलं, मंग पाय तळाला, गाडी थांबत न्हाई.”

“मग तुम्ही किती गाड्यांचे ड्रम माझ्या वहीवरून लेथवर लावून आणलेत?”

त्यांनी बोटं मोजली. चर पडले की ते ड्रम गोणीत घालून, कुणीतरी दौंडला जाणारा गाठून, सकाळच्या पॅसेंजरनं धाडायचे. दौंडला रेल्वेतून रिटायर झालेला एक टर्नर होता, त्याच्या लेथवर काम व्हायचं. सोबत चिठ्ठी असायची: अमुक मापापर्यंत घ्या. बऱ्याच गाड्यांचे चर उथळ होते, ते काढूनही ड्रम लिमिटपासून लांब राहिले होते. त्यांची काळजी नव्हती. खोल चर दोनच गाड्यांचे. त्या दोन्ही चिठ्ठ्यांवर त्यांनी लिहिलं होतं, १८३ पर्यंत चालेल, लिमिट १८४.

“कुणाच्या गाड्या?”

“येक आपल्या पाळकसायबांची व्हॅन. आन् येक तळेगावच्या आप्पांची.”

पाळकसाहेब आमच्या चर्चचे. त्यांच्या व्हॅनमधून मी कितीदा वाड्या-वस्त्यांवरच्या प्रार्थनांना गेले होते. तळेगाव ढमढेऱ्याचे आप्पा मिस्त्रींच्या केंदूरकडचे, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. त्यांची व्हॅन रोज वस्तीवरची चौदा-पंधरा मुलं शाळेत आणायची-न्यायची. हे मिस्त्रींनीच सांगितलं.

“मी इंच गाळले,” मी म्हटलं. “दोन्ही रकाने लिहिले असते तर कधीतरी कुणाच्यातरी ध्यानात आलं असतं.”

“पुस्तक चुकलंय, बाई. तुम्ही न्हाई. आन् ड्रम दौंडवरनं आल्यावर म्या मापून बसवायला पायजे व्हतं. न्हाई मापलं. पाठीवर तर कवा बघितलंच न्हाई.” एवढं म्हणून ते थांबले. काहीतरी अजून बोलायचं होतं त्यांना, असं मला वाटलं, पण ते जीपखाली परत गेले.

घरी येऊन मी दिवा लावला आणि मॅन्युअलमधला ब्रेकचा सगळा तक्ता पुढ्यात घेतला. शाळेचं कॅल्क्युलेटर आणलं होतं. एकेक ओळ घेऊन इंच गुणिले पंचवीस पूर्णांक चार. डिस्कची जाडी जुळली. पॅडची जुळली. लायनरची, मास्टर सिलिंडरची, पेडलच्या उंचीची जुळली. ब्रेकची पानं संपली तरी मी थांबले नाही. सगळ्या पुस्तकात आणखी एकच ओळ न जुळणारी निघाली, ती वायपरच्या लांबीची. तिच्यानं कुणाचा जीव जाणार नव्हता. तरी झोप आली नाही. डोळे मिटले की व्हॅन दिसायची, पोरांनी भरलेली.

शनिवारी शाळा सकाळची. शाळेत गेल्यावर आधी सातवीच्या वर्गात गेले, सगळ्या फुल्या खोडल्या आणि मुलांना सांगितलं, तुमचं उत्तर बरोबर, माझं चुकीचं. मुलं खूश झाली. बाईंचं गणित चुकलं ही बातमी साऱ्या शाळेत गेली, पण त्या दिवशी मला त्याचं काही वाटलं नाही.

दुपारी मिस्त्रींच्या निरोपावरून पाळकसाहेबांनी व्हॅन शेडमध्ये आणली. मिस्त्रींनी त्यांना सगळं खरं सांगितलं. पाळकसाहेब सावकाश बोलणारे. ते म्हणाले, “गेल्याच आठवड्यात मी दिवे घाट उतरून आलो, मिस्त्री. जरा आधी कळवायचं.” आणि मग आमची तोंडं बघून हसले. “आता उतरलो ना सुखरूप. उघडा चाक.”

चाक निघालं, ड्रमवर हातोडीचे हलके ठोके बसले आणि ड्रम सुटला. मिस्त्रींनी फडक्यानं आतून पुसला. व्हर्निअर आत लावलं, हळूच उघडलं, बाहेर काढून उजेडाकडे धरलं. त्यांनी स्वतः काही न सांगता ते माझ्या हातात दिलं. त्यांनीच शिकवलं होतं वाचायला. मी आधी मोठी पट्टी वाचली, मग छोट्या रेषांतली जुळणारी रेष शोधली.

“एकशे एक्क्याऐंशी पूर्णांक चार,” मी म्हटलं.

मिस्त्रींनी तीन वेगवेगळ्या जागी लावून पाहिलं. दुसरं चाक उघडलं. तिथं एक्क्याऐंशी पूर्णांक पाच. लिमिटच्या आत. ड्रमच्या आतून बोट फिरवलं तर जुन्या चरांच्या पुसट रेषा हाताला लागत होत्या. टर्नरनं त्या पूर्ण काढल्याच नव्हत्या.

“तवा मला वाटलं, म्हाताऱ्यानं आळस केला,” मिस्त्री पुटपुटले. “म्या त्र्याऐंशीपर्यंत घे म्हनून लिवलं व्हतं.”

एक गाडी सुटली होती. पण ते नशीब होतं की आणखी काही, ते आम्हाला कळेना, आणि आप्पांची व्हॅन सोमवारी पुन्हा मुलं घेणार होती. तेव्हा घरोघरी फोन नव्हते. पाळकसाहेब म्हणाले, उद्या उपासना झाली की आपण तिघं जाऊ, माझ्याच व्हॅनमधून. “आता तिचे ब्रेक सगळ्यात जास्त तपासलेले आहेत.”

रविवारी अकरा वाजता आम्ही निघालो. चौफुल्यावर थांबून, वही उतरवून नेलेल्या गॅरेजवाल्याला लिमिटचा आकडा बदलायला लावला; त्यानं तो अजून वापरला नव्हता. मग पारगावचा भीमेवरचा पूल ओलांडला, न्हावऱ्यावरून तळेगाव. रस्ताभर दोन्ही बाजूंना ऊस. मिस्त्री पुढे बसले होते, मांडीवर हत्यारांची पेटी. तळेगावात आप्पांचं घर विचारत विचारत गाठलं तर दारात त्यांची सून. ती म्हणाली, “मामा शिरूरला गेल्यात. पुतनीचा साखरपुडा हाय. सगळी पावनी व्हॅनमधीच घेऊन गेल्यात.”

“किती माणसं?” मिस्त्रींनी विचारलं.

“बसली तेवढी,” ती म्हणाली.

शिक्रापूरवरून नगर रोडला लागलो. पाळकसाहेब एरवी सावकाश चालवायचे, त्या दिवशी त्यांनीही गाडी जरा पळवली. वाटेत कडेला थांबलेल्या प्रत्येक पांढऱ्या व्हॅनवर माझी नजर जायची. प्रत्येक वेळी ती दुसऱ्याच कुणाची असायची. शिरूरला पोचलो तर मंगल कार्यालयाच्या भिंतीशी आप्पांची व्हॅन नीट सावलीत लावलेली होती. मी तिच्या दारावर हात ठेवून दोन मिनिटं उभी राहिले.

आप्पा पंगतीत वाढत होते. पांढरी टोपी, खांद्याला उपरणं. मिस्त्रींना बघून आधी त्यांना आनंद झाला. मग त्यांनी कारण ऐकलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“माज्या गाडीचं ब्रेक? मिस्त्री, तीस वर्सं येश्टी चालवली म्या. येक कुत्रं मारलं न्हाई. ब्रेकला काय झालंय त्ये मला पायात कळतंय.”

“कळत असंल, आप्पा. पर यकदा चाक खोलू द्या.”

“पावन्यांम्होरं? साखरपुड्याच्या दारात? लोकं काय म्हनतील?”

मग मी पुढे झाले. मी त्यांना वहीचं सांगितलं, इंचांच्या रकान्याचं सांगितलं, मुलांच्या गणिताचं सांगितलं. “आप्पा, तुमच्या चालवण्यात काही नाही. चूक माझ्या लिहिण्यात झाली आहे. परवापासून मला जेवण गेलेलं नाही. उद्या तुम्ही मुलं बसवायच्या आत मला बघायचंय.”

त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून कमरेला बांधलं आणि म्हणाले, “जॅक माज्याकडं हाय. तुमचा नको. दगुड लावा पुढच्या चाकाला.”

चाक त्यांनी स्वतःच खोललं. ड्रम गंजून घट्ट बसला होता, निघेना. मिस्त्रींनी चारी बाजूंनी ठोकलं. निघाला तेव्हा सगळ्यात आधी मिस्त्रींनी तो पालथा करून पाठीवर ब्रश फिरवला. आकडा उघडा पडला, १८२. मग व्हर्निअर. या वेळी ते आधी स्वतः वाचायला लागले आणि वाचून डोळे मिटले. मला वाटलं, गेलं.

“मिस्त्री?”

“याक्क्याऐंशी पूर्नांक सात,” ते म्हणाले. “आतच हाय, बाई.”

दुसऱ्या चाकाचा ड्रम एक्क्याऐंशी पूर्णांक सहा निघाला. लायनर ठीक, पिस्टनभोवती ऑईलचा थेंबही नाही. आप्पांनी दोन्ही चाकं पुन्हा चढवली, नट आवळले, मिस्त्रींनी तपासून पाहिले. मी पाण्याच्या टाकीजवळच्या कट्ट्यावर बसले. पाळकसाहेब शेजारी येऊन बसले आणि त्यांनी डोकं खाली घालून क्षणभर डोळे मिटले. मीही मिटले.

आप्पा हात धुऊन आले. “सांगितलं व्हतं म्या, पायात कळतंय म्हनून,” ते म्हणाले, पण आवाजात राग नव्हता. “बाई, शाळंच्या पोरांचं बघाया तुम्ही केडगावहून शिरूरला आला. आता उपाशी जाऊ नका. चला, पंगत बसतीया.”

त्या पंगतीतला मसालेभात, वांग्या-बटाट्याची भाजी आणि बुंदी मला अजून आठवते. मी तीनदा भात घेतला. नवऱ्या मुलीनं येऊन मला वाढलं आणि विचारलं, तुम्ही कुणाकडच्या. आप्पाच म्हणाले, “ब्रेककडच्या.” सगळी पंगत हसली.

परतताना मिस्त्री मोकळे झाल्यासारखे दिसत होते. न्हावरं मागं पडल्यावर त्यांना एक आठवलं. मागच्या उन्हाळ्यात एका तिसऱ्या गाडीचे ड्रम त्यांनी धाडले होते, ते टर्नरनं न लावताच परत पाठवले होते, बाद म्हणून. “तवा म्या त्याला शिव्या घातल्या. गिऱ्हाइकाला नवं ड्रम घ्याया लावलं.” मग ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “त्याला ठाव व्हतं, बाई. त्यो आळस करत नव्हता.”

“मग त्यांना जाऊन भेटा.”

“मला जायला तोंड न्हाई. तुम्ही जाल का?”

पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी दौंडला गेले. टर्नरचं दुकान बुद्धविहाराच्या गल्लीत, घराच्याच पुढच्या खोलीत. एक जुनं लेथ, खिडकीशी मापांची लाकडी पेटी, सगळं पुसून ठेवलेलं. सत्तरीचे असतील ते. जाड भिंगाचा चष्मा, आणि सदऱ्याच्या खिशात पोलादी पट्टी. मी माझी ओळख दिली तशी त्यांनी लेथ बंद केलं.

“म्हंजी वहीवाल्या बाई तुम्ही,” ते म्हणाले. स्टूल पुसून मला दिलं. आत चहाला सांगितलं.

मी घडलं ते सगळं सांगितलं. त्यांनी मधे एक शब्द बोलू दिला नाही कुणाला, शेजारी बोलायला आला त्यालाही हातानं थांबवलं. मग म्हणाले, “चिठ्ठी वाचली म्या पहिल्यांदा तवाच चक्रावलो. येकशे चौऱ्याऐंशी. ड्रम पालथा केला तर ब्याऐंशी लिवल्यालं. आता कागदावर कोन बी काय बी छापतंय, बाई. पर ज्यानं बिडात आकडा ओतला, त्याला तो खोडता येनार न्हाई हे ठाव असतंय. म्हून त्यो नीट बघून ओतनार. म्या त्याचं ऐकलं. जेवढं आत राहून निघंल तेवढं काढलं, बाकीच्या रेघा तशाच ठिवल्या. रेघांनी ब्रेक मरत न्हाई.”

“मिस्त्रींना का नाही कळवलंत?”

ते जरा अडखळले. “कळवलं की. पयल्याच येळी निरोप धाडला, लिमिट चुकलंय म्हनून.”

“मग?”

“त्यांचा उलट निरोप आला. वही बाईंनी लिवलीया, बाई चुकायच्या न्हाईत.” टर्नर हसले. “मंग म्या म्हनलं, भांडून काय करायचं. वही त्यांच्याकडं हाय, लेथ माज्याकडं हाय.”

मी चहाचा कप खाली ठेवला. शुक्रवारी शेडमध्ये मिस्त्रींचं काय बोलायचं राहून गेलं होतं, ते मला तेव्हा समजलं. दौंडला यायला त्यांना तोंड का नव्हतं तेही. माझ्यावर इतका भरवसा कुणी ठेवला होता हे मला आवडलं, आणि त्याची भीतीही वाटली. दोन्ही एकदमच. मी टर्नरना म्हटलं, “मामा, तुमच्यामुळं माझ्या हातून व्हायचं ते झालं नाही.”

“माज्यामुळं कशानं,” ते म्हणाले. “पाठीवर लिवल्यालं व्हतं, म्या वाचलं. वाचता आपल्यासारख्यांना यावं म्हनून तर समदी धडपड. चष्मा पुसायचा आन् वाचायचं.”

मी पिशवीतून वही काढली. ती मी आठवडाभर बसून पुन्हा नव्यानं लिहिली होती, दोन्ही रकान्यांसह, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी एक ओळ: आधी भागावर ओतलेला आकडा बघावा. त्यांनी ती वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. मी बसून होते, माझाच पेपर तपासला जातोय तशी. दोन ठिकाणी त्यांनी पेन्सिलीनं खूण केली. एका ठिकाणी मी दशांश चिन्ह पुसट काढलं होतं, आणि एका ठिकाणी एकाचा आकडा नऊसारखा दिसत होता. बाकी ठीक आहे, म्हणाले. मिस्त्रींना सांगा, ड्रम आले की मी लावतो, राग नाही.

निघताना त्यांनी मला स्टेशनपर्यंत सोडलं. चार-साडेचारची पॅसेंजर होती, डब्यात बरीच जागा. खिडकीशी बसले. ऊन कलतं होतं, पाटसच्या बाजूनं वारा येत होता. आठ दिवसांत धड झोप नव्हती. मिस्त्रींना काय सांगायचं, निरोपाचं सांगायचं की नाही, याचा विचार करायला लागले आणि ठरवलं, राग नाही एवढंच सांगायचं. एवढं ठरल्यावर डोळे मिटले.

जाग आली ती शेजारच्या बाईनं हलवल्यावर. “कुठं उतरायचं व्हतं तुम्हास्नी?”

“केडगावला.”

“आवो, मागंच गेलं त्ये. यवत आलं.”

मी यवतला उतरले. परतीची गाडी यायला तास होता. फलाटावरच्या बाकावर बसून मी भेळ घेतली, वही मांडीवर ठेवली, आणि गाडीची वाट बघत निवांत खात बसले.